कार्डावर दरमहा गुपचूप पैसे कापले जातायत?

राजारामपुरीतली कितीतरी दुकानदार मंडळी कार्डाच्या बिलाचा एकूण आकडा बघतात आणि भरून मोकळी होतात. १९९ रुपयांची चोरटी कपात तिथंच लपते. ओळ न् ओळ वाचा. नको असलेली वर्गणी (सबस्क्रिप्शन) दिसली, तर बँकेच्या ॲपमधल्या ई-मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांच्या, यादीतून ती रद्द करा. नुसतं ॲप मोबाइलमधून काढून काही होत नाही. मँडेट तुम्ही दिलंच नसेल, तर कार्ड ब्लॉक करून लेखी तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, त्रयस्थानं केलेला गैरव्यवहार बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. शाखेत ‘सोमवारी या’ म्हणाले तरी ईमेल त्याच दिवशी टाका. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.