जुन्या डेस्कटॉपवर लॉगिन होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

सोसायटीच्या ऑफिसातला किंवा घरातला जुना डेस्कटॉप एके दिवशी पासवर्ड नाकारतो आणि पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून घ्या.’ कृपया लगेच तसं करू नका. त्यात मेंटेनन्सचे हिशेब, सभांची इतिवृत्तं, मुलांचे फोटो पुसले जातात आणि पुष्कळदा दोष अगदी किरकोळ निघतो.

स्क्रीनवर आलेला मेसेज नीट वाचा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा. पासवर्ड चुकीचा ठरणं, प्रोफाइल (तुमच्या खात्याच्या फायली आणि सेटिंग) लोड न होणं आणि ‘वेलकम’वरच गोल फिरत राहणं ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर सुरुवात कीबोर्डपासून करा. कॅप्स लॉक आणि नम लॉक बघा. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातली भाषेची खूण बघा, विंडोज १० मध्ये ती खाली उजवीकडे असते. सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप होत असतील, तर कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असू शकतो. पासवर्डाच्या जागी फक्त ठिपके उमटतात, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. विंडोज १० मध्ये विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी निवडा, विंडोज ७ मध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट. विंडोज १० मध्ये चौकटीतली डोळ्याची खूण माउसने दाबून धरली की टाइप केलेलं दिसतं. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत जुन्या कीबोर्डची एखादी की दबत नाही किंवा दोनदा उमटते. शेजाऱ्यांचा कीबोर्ड आणून लावा, किंवा लॉगिन स्क्रीनवरच ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून माउसने पासवर्ड भरा.

खातं मायक्रोसॉफ्टचं असेल आणि पासवर्ड मोबाइलवरून बदलला असेल, तर इंटरनेट जोडेपर्यंत हा संगणक जुनाच पासवर्ड मागेल. आधी इंटरनेटची केबल जोडा.

घड्याळ मागे गेलंय का? मदरबोर्डवर ३ व्होल्टचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. घरच्या साध्या खात्याला याने फरक पडत नाही. पण कंपनीच्या डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडून तपासल्या जाणाऱ्या लॉगिनला, सहसा ५ मिनिटांहून जास्त तफावत चालत नाही. बँकेच्या आणि सरकारी साइटही तारीख चुकली की सर्टिफिकेटची तक्रार करून उघडत नाहीत.

सेल बदलायला सोपा आहे. बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटिंगचे फोटो काढून ठेवा, विशेषतः साटा मोडचा, म्हणजे हार्ड डिस्क कशी जोडली जाते त्या सेटिंगचा. तो बदलला तर विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. मग संगणक बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबा, धातूच्या कडेला हात लावा. क्लिप हलकेच सरकवून जुना सेल काढा, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. बायोसमध्ये तारीख आणि वेळ घाला. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारापर्यंत जायची गरज नाही, हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

डेस्कटॉप रिकामा दिसला तर विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलेलं असू शकतं. त्यात काही सेव्ह करू नका, साइन आउट केल्यावर ते जातं. मूळ फायली सहसा सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’ फोल्डरात, तुमच्या नावाखाली असतात. त्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि मगच पुन्हा सुरू करून पाहा.

‘वेलकम’वरच अडकत असेल तर सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा: विंडोज ७ ला सुरू होताना एफ८, विंडोज १० ला लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट धरून रीस्टार्ट. तिथे लॉगिन झालं तर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा अँटिव्हायरस काढून बघा. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र संगणक पुन्हा पुन्हा चालू करू नका. दर वेळी डिस्कचं आणखी नुकसान होऊ शकतं. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

डिस्क ठीक आहे पण विंडोज आत घेत नाही, अशा वेळी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा. ‘इन्स्टॉल’ अजिबात नको. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) नसेल तर फायली दिसतील. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा. त्यानंतर खुशाल फॉरमॅट करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा नव्याने काय टाकायचं हे दुकानदाराशी आधीच बोलून घ्या.