मातीच्या शिअर स्ट्रेंथसाठी मशीन शोधताय? आधी टेस्ट ठरवा, मग कॅटलॉग उघडा

लॅब उभी करायची ठरली की पहिलं वाक्य येतं, "शिअर स्ट्रेंथचं एक मशीन मागवून टाका." शिअर स्ट्रेंथ म्हणजे मातीची घसरायला विरोध करण्याची ताकद. मग कॅटलॉग उघडले की डायरेक्ट शिअर (बॉक्समधली माती मधोमध सरकवून कापणं), ट्रायअ‍ॅक्सियल (सॅम्पलला चहूबाजूंनी दाब देऊन वरून दाबणं), यूसीएस (बाजूचा दाब न देता नुसतं वरून दाबणं), लॅब व्हेन (मातीत पाती खुपसून फिरवणं), रिंग शिअर (कड्यासारखं सॅम्पल फिरवत कापणं) असं सगळं एकदम समोर येतं आणि शेवटी जे चकचकीत दिसतं किंवा जे बजेटात बसतं ते घेतलं जातं. कृपया असं करू नका. या आकड्यांवर पुढे कोणाचा तरी उतार, भिंत, पाया उभा राहणार आहे.

आधी स्वतःला विचारा की माती कुठली आणि ताकद कुठली हवी, ड्रेन्ड (पाणी बाहेर पडू देऊन) की अनड्रेन्ड (पाणी आत अडकलेलं असताना). वाळू असेल आणि फक्त फाय (घर्षण कोन) हवा असेल तर डायरेक्ट शिअर पुरतं, उगाच ट्रायअ‍ॅक्सियलच्या मागे लागायची गरज नाही. चिकणमातीवर पटकन भराव टाकायचाय, म्हणजे पाणी बाहेर पडायला वेळच मिळणार नाही, तर यूसीएस किंवा यूयू (पाणी अजिबात बाहेर न जाऊ देता केलेलं) ट्रायअ‍ॅक्सियल. पोअर प्रेशर (मातीतल्या पाण्याचा दाब) मोजून इफेक्टिव्ह स्ट्रेस (मातीच्या कणांवर येणारा ताण) हवा असेल तर सीयू (आधी पाणी निचरू देऊन, मग अडवून केलेलं) ट्रायअ‍ॅक्सियलच लागतं, डायरेक्ट शिअरमध्ये ते मोजता येत नाही. माती इतकी मऊ की सॅम्पल उभंच राहत नाही? लॅब व्हेन बघा, साधारण १२.७ मिमी व्यासाची छोटी व्हेन आणि वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंग येतात. जुन्या भूस्खलनाची रेसिड्युअल ताकद (खूप सरकल्यावर उरलेली) हवी असेल तर रिंग शिअर, पण ते फार कमी जणांना लागतं.

मग स्टँडर्ड धरा. डायरेक्ट शिअरला एएसटीएम डी ३०८० किंवा आयएसओ १७८९२ चा भाग १०, यूसीएसला डी २१६६, यूयूला डी २८५०, सीयूला डी ४७६७. तुमचा रिपोर्ट ज्याच्याकडे जाणार तो कुठलं मानतो ते आधी विचारून घ्या, कारण बॉक्सचा साइज, वेग, सॅम्पलची उंची हे सगळं तिथूनच ठरतं. डी ३०८० मध्ये सॅम्पलची रुंदी सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान १० पट लागते, म्हणजे ६० मिमीच्या बॉक्समध्ये ६ मिमीपेक्षा मोठे खडे नकोत, मुरूम टाईप माती रोज येणार असेल तर मोठा बॉक्स लागणारच.

आता खरी गंमत कपॅसिटीत आहे आणि इथे कागद पेन घेऊन बसाच. ६० बाय ६० चा बॉक्स म्हणजे ०.००३६ चौरस मीटर. ४०० केपीए (किलोपास्कल) नॉर्मल स्ट्रेस (वरून दाब) द्यायचा तर १.४४ किलोन्यूटन लागतो, लिव्हर १ ला ५ असेल तर हँगरवर साधारण २९ किलो वजनं. घट्ट वाळूचा फाय ४५ धरला तरी शिअर फोर्स तेवढाच, १.४४ किलोन्यूटन, म्हणजे २ किलोन्यूटनची प्रूव्हिंग रिंग किंवा लोड सेल (दोन्ही फोर्स मोजणारी साधनं) बास. पण तीच रिंग २० केपीए ताकदीच्या मऊ मातीला लावली तर फोर्स फक्त ७२ न्यूटन, रिंगच्या रेंजच्या चार टक्केसुद्धा नाही, तिथला आकडा कोणी विश्वासाने घ्यावा? म्हणून एकच मोठी रिंग घेण्यापेक्षा एक लहान, एक मोठी अशा दोन घ्या.

दुसरी गोष्ट वेग. ड्रेन्ड टेस्टमध्ये पोअर प्रेशर जिरायला वेळ द्यावा लागतो, डी ३०८० मध्ये फेल्युअरपर्यंतचा वेळ टी९० च्या (माती दबणं ९० टक्के पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) ११.६ पट धरतात. समजा चिकणमातीचा टी९० निघाला ४०० मिनिटं आणि फेल्युअर १२ मिमी सरकल्यावर धरलं, तर ४६४० मिनिटं, म्हणजे तीन दिवसांपेक्षा जास्त, आणि वेग येतो ०.००२६ मिमी प्रति मिनिट. मशीनचा सगळ्यात कमी वेग याच्या खाली जातो का ते कोटेशनमध्ये लिहून मागा. आणि यूपीएस बजेटमध्ये धरा, तिसऱ्या दिवशी लाईट गेली तर सगळं मुसळ केरात.

ट्रायअ‍ॅक्सियल घेताना लोकांचं लक्ष फ्रेमवर असतं, पण खरं काम सेल, प्रेशर सोर्स, व्हॉल्यूम चेंज आणि पोअर प्रेशर ट्रान्सड्यूसर करतात. मेम्ब्रेन, ओ रिंग, मेम्ब्रेन स्ट्रेचर, स्प्लिट मोल्ड, पोरस स्टोन, सॅम्पल एक्स्ट्रूडर, हवा काढलेल्या पाण्याची सोय, हे ऑर्डरमध्ये नसेल तर मशीन येऊन नुसतं बसून राहतं. फ्रेम ३८ मिमी सॅम्पलसाठी १० किलोन्यूटनची भरपूर होते, १०० मिमीच्या सॅम्पलला मात्र १५०० केपीए डेव्हिएटरला (बाजूच्या दाबापेक्षा वरून दिलेल्या जास्तीच्या ताणाला) जवळपास १२ किलोन्यूटन लागतात. यूसीएससाठी वेगळी फ्रेम घेऊ नका, हीच चालते.

शोधायचं कुठे? कंट्रोल्स, मॅटेस्ट, हम्बोल्ट, ईएलई, जीडीएस अशा नावांचे कॅटलॉग स्पेसिफिकेशन शिकायला उत्तम आहेत, विकत घ्या न घ्या. सरकारी संस्था आणि कॉलेजांची जुनी टेंडरं वाचा, त्यात लोकांनी अनुभवातून घातलेल्या अटी असतात. आणि वर्षाला मोजक्याच टेस्ट असतील तर मशीन घेण्यापेक्षा दुसऱ्या लॅबचा वेळ विकत घ्या.

सेकंड हँड मिळत असेल तर जरूर बघा, फक्त फोटोवर नको. बॉक्सच्या दोन अर्ध्या भागांचे घासणारे पृष्ठभाग बोटाने चाचपा, खाचा असतील तर सोडा. हँगर लावून रिकामी लिव्हर हलकेच ढकला, बेअरिंग अडखळलं तर नॉर्मल लोड नेमका मिळणार नाही. सेलमध्ये पाणी भरून वापरातल्या प्रेशरला एक रात्र ठेवा आणि सकाळी गेज बघा. ॲक्रिलिकला बारीक तडा दिसला तर मात्र प्रेशर देऊच नका. सॉफ्टवेअरचं लायसन्स नवीन मालकाच्या नावावर होतं का आणि डेटा साध्या फाईलमध्ये बाहेर निघतो का, हेही विचारा.

नवीन असो की जुनं, पैसे पूर्ण देण्याआधी डायल गेज आणि स्टॉपवॉच लावून मशीनचा वेग स्वतः मोजा, निदान एक सगळ्यात कमी आणि एक मधला. लोड सेलचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आयएसओ १७०२५ मान्यता असलेल्या लॅबचंच मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर सेलवरच्या नंबरशी जुळवून घ्या.