परदेशी पीडितेसोबत कोर्टात जाण्याआधी

कुंटणखान्यावरच्या छाप्यातून सोडवलेली मुलगी बांगलादेशची आहे असं कळलं की पहिली धडपड एकाच गोष्टीसाठी करायची: कागदावर तिच्या नावापुढे ‘आरोपी’ लागू द्यायचं नाही. पासपोर्ट-व्हिसा नाही हे खरं, पण तिला फसवून आणलंय. केंद्रीय गृह मंत्रालयाची १ मे २०१२ ची ॲडव्हायजरी हेच सांगते. तपासात ती तस्करीची पीडित दिसली तर परदेशी नागरिक कायद्याखाली दोषारोपपत्र ठेवू नये, ठेवलं असेल तर मागे घ्यावं आणि सरकारी मार्गाने मायदेशी पाठवेपर्यंत तिला निवारागृहात ठेवावं. या ॲडव्हायजरीच्या तीन छापील प्रती जवळ ठेवा: तपास अधिकाऱ्यांना एक, सरकारी वकिलांना एक, फाईलला एक. मोबाईलवर दाखवून भागत नाही. शिवाय १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा लागू झालाय, म्हणून जुन्या अर्जाचा नमुना तसाच उतरवू नका, कलमं वकिलांकडून तपासून घ्या.

वकील नसेल तर सांगलीत विजयनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन लावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मानवी व्यापाराच्या पीडितेला मोफत वकील आहे. तिथे ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, ‘नागरिक’ नाही. कुणी अडवलं तर तेवढं वाचून दाखवा.

सगळ्यात जास्त वेळ दुभाषी शोधायला ठेवा. सराफकट्ट्यावर बंगाली कारागीर भेटतात, पण त्यांच्यातला कोण कुणाच्या ओळखीचा असेल सांगता येत नाही, दलालापर्यंत बातमी जायला वेळ लागत नाही. मी विट्याकडची गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, घरं गाठते. कोलकात्यात वीस-वीस वर्षं संसार केलेल्या बायका तिथे आहेत. एका मुलीने पढवल्याप्रमाणे पोलिसांना ‘कोलकाता’ एवढंच सांगितलं होतं. यातल्याच एक मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि बंगालीत जेवलीस का म्हणाल्या. मुलगी पहिल्यांदा मान वर करून बोलली. तासाभराने गाव, उपजिल्हा, जिल्हा आणि आईचा फोन नंबर मिळाला. शेवटचे दोन आकडे तिने बोटांवर मोजून आठवले.

पत्ता विचारण्याआधी तिला खरं सांगा. या संरक्षणाने इथे कायमचं राहता येत नाही. पण पत्ता खोटा निघाला तर बांगलादेशातून खात्री होत नाही आणि निवारागृहातले महिने वाढत जातात. विकणारा घरचाच असेल तर तेही जबाबात आलं पाहिजे, न्यायाधीशांना कळलं पाहिजे. पिटा (देहव्यापार प्रतिबंधक) कायद्याप्रमाणे तिची चौकशी महिला पोलिसांनी करायची असते, हे आधीच बोलून ठेवा.

पिशवीत दोन कपडे, पॅड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी हवी. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू असेल तर एकही दिवस खंड नको. बाळ मिरज सिव्हिलला झालं असेल तर जन्मदाखला काढा. पंचनाम्यात तिचे पैसे आणि कानातलं घरवालीच्या (कुंटणखाना चालवणारीच्या) मुद्देमालात मिसळलेलं नाही ना, तेही बघा.

आदेशाची नक्कल हातात आल्याशिवाय कोर्टातून निघू नका. तिथल्याच बाकावर बसून मावशींकडून तिला ती बंगालीत वाचून दाखवा आणि पुढची तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या.