संगणकशास्त्र न शिकता टेसरॅक्ट बसवताना: एरर आणि डॉक्युमेंटेशन कसे वाचावे

जुन्या मराठी मासिकांची आणि पुस्तकांची स्कॅन केलेली पाने शोधण्याजोग्या मजकुरात आणण्याचे काम ग्रंथालये आणि संशोधन संस्था करत असतात, आणि या कामावर येणारी माणसे बरेचदा मराठी, इतिहास किंवा ग्रंथालयशास्त्र शिकलेली असतात. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. माझे पदव्युत्तर शिक्षण मराठी साहित्याचे. प्रोग्रॅमिंग मी शिकलेले नाही, तरी आमच्या ग्रंथालयातील ओसीआरची, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याची, व्यवस्था मीच बसवली आणि आज ती मीच सांभाळते. नव्याने येणाऱ्यांना धास्ती वाटते ती सॉफ्टवेअर बसवताना काळ्या पडद्यावर उमटणाऱ्या इंग्रजी एररची. माझा अनुभव असा आहे की उत्तराचा मोठा भाग त्या एररमध्येच लिहिलेला असतो, आणि उरलेला भाग, समोरचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणारी पाने, कोणत्या व्हर्जनसाठी लिहिले आहे हे तपासल्यावर हाती लागतो.

आम्ही वापरतो ते टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाले, २००५ मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुले झाले, आणि नंतर बरीच वर्षे गूगलने त्याच्या विकासाला पाठबळ दिले. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या व्हर्जनमध्ये अक्षरे ओळखण्याची पद्धतच बदलली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. इतक्या जुन्या सॉफ्टवेअरविषयी लिहिलेली पाने अनेक वर्षांची साचलेली असतात, तिसऱ्या व्हर्जनच्या सूचना अजूनही शोधात वर येतात, आणि त्यांच्यावर तसे ठळकपणे लिहिलेले नसते. म्हणून कोणतीही सूचना अमलात आणण्यापूर्वी आपल्या संगणकावर कोणते व्हर्जन बसले आहे, हे आधी विचारून घ्यावे. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या त्या काळ्या खिडकीत, सॉफ्टवेअरच्या नावापुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘व्हर्जन’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की पुरते.

विंडोजवर बसवण्यासाठी जर्मनीतील मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तयार केलेला इन्स्टॉलर सर्रास वापरला जातो. तो चालवताना कोणते भाग हवेत हे विचारणारी एक खिडकी येते आणि बहुतेक जण ती न वाचता ‘नेक्स्ट’ दाबतात. तेथे अतिरिक्त भाषांचा एक विभाग मिटलेल्या स्थितीत असतो. तो उघडून मराठीपुढे खूण करावी लागते, नाहीतर इंग्रजी तेवढी येते. इन्स्टॉलेशन मात्र ‘यशस्वी’ झाल्याचे सांगितले जाते, आणि ते खरेही असते.

यानंतरची पहिली अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. कमांड प्रॉम्प्ट उघडून आज्ञा दिली की ‘इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ असे उत्तर मिळते. सॉफ्टवेअर बिघडले आहे, असा याचा अर्थ नाही. विंडोज ज्या फोल्डरांत आज्ञा शोधते त्यांच्या यादीत टेसरॅक्टचे फोल्डर नाही, एवढेच ते सांगते. या यादीला ‘पाथ’ म्हणतात. स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायरन्मेंट’ शोधल्यावर ती यादी बदलण्याची खिडकी मिळते आणि तेथे सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधील टेसरॅक्ट फोल्डरचा पत्ता नव्या ओळीत जोडायचा असतो. डॉक्युमेंटेशनमध्ये एवढे बहुधा लिहिलेले असते. जे सहसा लिहिलेले नसते ते असे: आधीपासून उघडी असलेली कमांड प्रॉम्प्टची खिडकी जुनीच यादी धरून बसते, त्यामुळे बदल बरोबर केला तरी तीच एरर पुन्हा दिसते. ती खिडकी बंद करून नवी उघडावी. लिहिणाऱ्याला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगावी लागेल हे त्याच्या मनातही येत नाही. डॉक्युमेंटेशन ‘अस्पष्ट’ वाटते तेव्हा बहुतेक ठिकाणी अशीच एखादी गृहीत धरलेली पायरी गाळलेली असते, आणि ती कोणती हे शोधणे म्हणजेच आपले काम, असे मी मानते.

दुसरी एरर अधिक शिकवणारी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबते. मराठी पान वाचायला सांगितल्यावर एकापाठोपाठ काही ओळी येतात. शेवटच्या ओळीत टेसरॅक्ट सुरूच होऊ शकले नाही असे म्हटलेले असते. तिच्या वर, एकही भाषा लोड करता आली नाही अशी तक्रार असते. नवखा माणूस शेवटची ओळ वाचतो आणि सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करायला घेतो. वास्तविक कामाची ओळ सर्वांत वरची असते, कारण सॉफ्टवेअरने कोणती फाइल उघडायचा प्रयत्न केला, तिचा पूर्ण पत्ता तेथे दिलेला असतो. तो पत्ता जसाच्या तसा घ्यावा, फाइल एक्सप्लोररमध्ये एकेक फोल्डर उघडत तेथवर जावे, आणि मराठीच्या तीन अक्षरी संकेताची, म्हणजे एम, ए, आर या नावाची फाइल खरोखर आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

फाइल नसेल तर ती गिटहब या, सॉफ्टवेअरच्या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावरील टेसरॅक्टच्या संग्रहातून आणावी लागते. येथे आणखी एक खाचखळगा आहे. यादीतील नावावर उजवी कळ दाबून ‘सेव्ह’ केले तर मूळ फाइलऐवजी तिची माहिती दाखवणारे वेबपान त्याच नावाने उतरते. नाव बरोबर, जागा बरोबर, तरी एरर कायम, अशी परिस्थिती आली तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. सुरुवातीलाच कोनी कंसांतले इंग्रजी शब्द दिसले तर ते वेबपान आहे. त्याचप्रमाणे विंडोज फाइलनावाचा शेवटचा भाग लपवते. तो दिसेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

फाइल जागेवर असूनही पत्ता भलताच दिसत असेल तर कारण जुन्या सूचनेत असू शकते. भाषांच्या फाइली कोठे आहेत हे सांगणारे एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोजमध्ये नोंदवून ठेवलेली एक सेटिंग, असते. तिसऱ्या व्हर्जनमध्ये त्यात भाषांच्या फाइली असलेले ‘टेसडेटा’ फोल्डर ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता द्यावा लागे. चौथ्यापासून थेट ‘टेसडेटा’चाच पत्ता द्यावा लागतो. दोन्ही सूचना आपापल्या काळी बरोबर होत्या. तसेच पानाची मांडणी सांगणाऱ्या पर्यायाआधी पूर्वी एक आडवी रेघ असे, आता दोन असतात. वर्डमधून किंवा एखाद्या लेखातून आज्ञा कॉपी केली तर त्या दोन रेघांची एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण आज्ञा चालत नाही. म्हणून आज्ञा हाताने टाइप कराव्यात, आणि सुरुवातीला फाइलनावे रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवावीत. पीडीएफ थेट दिली तर टेसरॅक्ट ती वाचत नाही. पानांची आधी चित्रे करून घ्यावी लागतात.

हे सर्व करताना एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच तपासावे, असा माझा आग्रह आहे. भाषांची यादी दाखवणारी आज्ञा द्यावी. त्यात मराठी दिसली की इन्स्टॉलेशनचा प्रश्न मिटला. नंतर एखादे स्वच्छ छापलेले, स्वतः टाइप करून मुद्रित केलेले पान द्यावे. ते नीट वाचले गेले आणि जुन्या मासिकाचे पान मात्र बिघडले, तर दोष सेटअपचा नसून स्कॅनचा आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘केलें’ असे अनुस्वार ओळीओळीत असतात, आणि कमी रिझोल्यूशनच्या स्कॅनमध्ये ते टिंब कागदावरच्या डागासारखे दिसते किंवा पुसलेच जाते. अशा पानांसाठी किमान ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन मागून घ्यावे. सेटिंग बदलत बसून ते टिंब परत येत नाही.

मदत मागायची वेळ आली तर पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नये. एररचा पूर्ण मजकूर, टेसरॅक्टचे आणि विंडोजचे व्हर्जन, दिलेली आज्ञा आणि आतापर्यंत काय तपासले, एवढे लिहून पाठवावे. मी हेच सर्व एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तारखेनिशी नोंदवते: कोणती एरर आली, वरच्या ओळीत कोणता पत्ता होता, काय बदलले, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये कोणती पायरी नव्हती. आमच्याकडे नवा संगणक आला की ती फाइल उघडूनच काम सुरू होते, आणि नव्या सहकाऱ्याने अडलेली प्रत्येक जागा तिच्यात भरावी, असे मी त्याला पहिल्या दिवशीच सांगते.