जपानी वुडब्लॉक प्रिंट नीट बघायची कशी

जपानी चित्रकार होकुसाईची ती मोठी लाट आपण सगळ्यांनी बघितलेली असते, टीशर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर, कॅफेच्या भिंतीवर, पण थांबून बघितलेली असते का? लाकडी ठशांवरून छापलेल्या या जपानी चित्रांना म्हणतात उकियो-ए आणि ती बघायची एक पद्धत आहे, एकदा जमली ना की एका चित्रात अर्धा तास कसा जातो कळतसुद्धा नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यातून पेंटिंग काढून टाका. हे भिंतीवर टांगायला एका माणसाने रंगवलेलं चित्र नाही. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, या प्रिंट्स दुकानात विकायला असायच्या आणि किंमत साधारण एका बोल सोबा नूडल्सएवढी, त्यामुळे सामान्य माणूस सहज घ्यायचा आणि हातात धरून बघायचा. नेहमीची ओबान साईज साधारण ३८ बाय २६ सेंटिमीटर. म्हणून भलंमोठं पोस्टर बघण्यापेक्षा लॅपटॉपवर फुल स्क्रीन करून बघा, ते मूळ आकाराच्या जवळ जातं. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांच्या साईटवर मोठ्या फाईल्स फुकट डाऊनलोड होतात, गुगल इमेजेसवरच्या धुरकट कॉपीवर वेळ घालवू नका.

आता उजवीकडून सुरुवात करा. जपानी वाचन उजवीकडून डावीकडे चालायचं आणि नजरही तशीच. लाटेच्या चित्रात आपण सवयीने डावीकडून शिरतो आणि लाटेसोबत वाहत जातो. उजवीकडून या, आधी होडी, त्यात वाकून बसलेली माणसं, मागे इवलासा फुजी पर्वत आणि मग ती लाट समोरून अंगावर येते. चित्र तेच पण भीती वेगळी वाटते, खरंच करून बघा.

मग अक्षरं आणि शिक्के शोधा. जपानी वाचता आलं नाही तरी चालतं, कुठे काय असतं तेवढं माहीत हवं. चौकटीत असतं मालिकेचं आणि चित्राचं नाव, बाजूला चित्रकाराची सही, कुठेतरी प्रकाशकाची खूण, आणि १७९० नंतरच्या प्रिंट्सवर बऱ्याचदा छोटा गोल शिक्का, किवामे, म्हणजे सरकारी तपासणीत पास. पुढे १८५० च्या दशकात तारखेचे शिक्के आले, त्यात वर्ष प्राण्याच्या नावाने असतं, उदाहरणार्थ १८५७ हे सापाचं वर्ष.

प्रकाशकाची खूण महत्त्वाची का, तर सगळा धंदा त्याचा असायचा. पैसा त्याचा, काय खपेल हा अंदाज त्याचा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून द्यायचा, कोरणारा ते जंगली चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून त्यावरूनच कोरायचा, म्हणजे मूळ रेखाटन त्यातच संपायचं. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा आणि छापणारा एकावर एक रंग चढवायचा. चार माणसं झाली, सही मात्र एकाची. १८५० च्या आसपासच्या काही प्रिंट्सवर कोरणाऱ्याचंही नाव दिसतं, ते दिसलं की मला फार बरं वाटतं.

कोरणारा आणि छापणारा, या दोघांची कामं शोधायला झूम करा. कोरणाऱ्यासाठी चित्रकार उतामारोची एखादी स्त्री घ्या आणि कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथे या. एकेक केस सुटा दिसेल. ती रेघ ओढलेली नाही हो, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकून मधली उभी ठेवलीय! चेहरा आणि केस कसलेल्या कारागिराकडे असायचे, कपडे वगैरे शिकाऊ हातांकडे.

छापणाऱ्यासाठी चित्रकार हिरोशिगेची १८५७ ची पावसाची प्रिंट उघडा, शिन-ओहाशी पुलावर अचानक सर आलीय आणि लोक डोकी झाकून पळतायत. व्हॅन गॉगने हीच समोर ठेवून १८८७ मध्ये तेलरंगात चित्र केलं होतं. वरच्या कडेला काळा ढग बघा, तो खाली येत येत विरतो. याला म्हणतात बोकाशी. ठसा ओला करून त्यावर रंग कमी जास्त पसरवायचा आणि हे प्रत्येक कागदाला नव्याने, म्हणून दोन कॉप्यांमधला ढग तंतोतंत सारखा नसतो. पावसाच्या रेघाही नीट बघा, सगळ्या एकाच कोनात नाहीत, म्हणून पाऊस हलल्यासारखा वाटतो.

रंगात निळा आधी तपासा. १८३० च्या आसपास प्रशियन ब्लू जपानमध्ये स्वस्त झाला, मूळ बर्लिनचा म्हणून तिकडे बेरो-आय, आणि होकुसाईच्या फुजी मालिकेत, ती लाट त्यातलीच, तो भरभरून आहे. लाटेच्या बाह्यरेषा काळ्या समजू नका, गडद निळ्या आहेत. तो निळा टिकला पण त्याआधीच्या प्रिंट्समधला फुलांपासूनचा निळा आणि करडईचा लाल उन्हाने उडतो, त्यामुळे १७६० च्या दशकातल्या हारुनोबू या चित्रकाराच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट पिवळट दिसलं तर तोच मूळ रंग असं धरू नका.

आणि माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग, एकाच चित्राच्या दोन तीन कॉप्या शेजारी शेजारी उघडा. लाटेच्या प्रिंटमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीची दुहेरी रेघ बघा, उशिराच्या कॉप्यांमध्ये ती तुटलेली असते कारण ठसा झिजला. मूळ एकच आणि बाकी नकला असा हिशोब इथे लागतच नाही, सगळ्याच मूळ, फक्त काही आधीच्या काही नंतरच्या.

प्रत्यक्ष हातात घ्यायची संधी मिळाली तर उजेड बाजूने तिरका पडेल असं धरा. रंग न लावता नुसता दाबून उठवलेला नक्षीचा भाग तेव्हाच दिसतो, समोरून काहीच कळत नाही. मग विचारून कागद उलटा करा, मागे बारेन घासल्याचे वळसे दिसतात. बारेन म्हणजे बांबूच्या पातीत गुंडाळलेली चकती, प्रेस नाही, सगळा दाब हाताचा.

आपल्याकडच्या माणसाने योशिदा हिरोशी हा नंतरच्या काळातला जपानी चित्रकार चुकवू नये. तो १९३० च्या सुमाराला भारतात फिरला आणि १९३१ मध्ये आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याची प्रिंट काढली. त्याच्या प्रिंट्सच्या समासात जिझुरी असा शिक्का शोधा, छपाई त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झाली याची ती खूण आणि त्यावरून किमतीत बराच फरक पडतो. विकत घ्यायचीच असेल तर मागच्या बाजूचा आणि समासाचा फोटो आधी मागा, समास कापलेला असेल तर का ते विचारा, आणि घरी आणली की खिडकीसमोर अजिबात लावू नका.