रात्री रस्त्यात कुणी हात केला तर थांबायचं का?

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरात सीताफळं उतरायला लागली की माझ्या पिकअपची रात्रपाळी सुरू होते. संध्याकाळी क्रेट भरायचे, केज, कळंब, येरमाळा, येडशी, तुळजापूर करत पहाटेच्या लिलावाआधी सोलापूरची बाजार समिती गाठायची. एकोणीस वर्षं हेच चाललंय. बॉनेट उघडं टाकून रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं या वाटेवर किती पाहिली त्याला मोजमाप नाही, आणि दोन-तीनदा तिथं मी स्वतः उभा होतो. गावातली नवी पोरं गाडी हातात घेतली की विचारतात, "मामा, रात्री कुणी हात केला तर थांबायचं का?" त्यांना जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितो.

थांबायचं की नाही हे निघायच्या आधी ठरवा. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदाला बावीस मीटर पुढं जाते. हेडलाइटमध्ये माणूस दिसला तेव्हा तुमच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात भीती, दया, उशीर या सगळ्याचा हिशोब होत नाही. मग एकतर माणूस करकचून ब्रेक मारतो, नाहीतर डोळे मिटल्यासारखा निघून जातो. मी चावी लावतानाच ठरवतो. बायको-लेकरं गाडीत असतील तर अंधार पडल्यावर निर्जन जागी गाडी थांबवायची नाही, फोन करायचा. माल भरलेला आणि मी एकटा असेन तरी तेच, कारण पिकायला आलेलं सीताफळ वाट पाहत नाही. क्लीनर सोबत असला, जवळ ढाब्याचा किंवा पंपाचा उजेड असला, तर थांबतो. आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत येताना जवळजवळ दर वेळी थांबतो.

आता तुम्ही म्हणाल, मग रात्री नुसतं निघून जायचं? नाही. हीच गोष्ट मला नीट सांगायची आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी, दिवाळीच्या अलीकडं, कळंब सोडून येरमाळ्याकडं निघालो होतो. रात्रीचा दीड. फॅन बेल्ट तुटला, काटा लाल रेघेवर गेला, गाडी कडेला घेतली. मागं साठ क्रेट. फोनला एक दांडी रेंज, तीही येईल-जाईल. मी हात करत उभा राहिलो. गाड्या यायच्या, माझ्यावर उजेड टाकायच्या आणि वेग वाढवून जायच्या. अकरापर्यंत मोजल्या, नंतर मोजणं सोडून दिलं. त्यातल्या एका टेम्पोनं वेग कमी केला, दोनदा डिपर मारला आणि तोही गेला. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण त्यानं मला नीट बघितलं होतं. पाऊण तासानं येरमाळ्याच्या बाजूनं एक मोटारसायकल आली. मागच्या माणसाच्या गळ्यात दोन-तीन बेल्ट अडकवलेले. मिस्त्री म्हणाला, "एक टेम्पोवाला ढाब्यावर सांगून गेला, कळंबच्या अंगाला पांढरी पिकअप उभी आहे, खाली पाणी सांडलंय, बेल्ट गेला असेल." त्या टेम्पोवाल्याचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्यानं काच खाली केली नाही, ब्रेकही मारला नाही, पण माझा माल त्यानंच वाचवला.

तेव्हापासून मी पोरांना सांगतो, थांबता येत नसेल तर निरोप घेऊन जा. निरोप कामाचा असावा लागतो. "तिकडं कुणीतरी उभंय" एवढ्यावर कुणी रात्री अंथरुणातून उठत नाही. किलोमीटरचा दगड किंवा शेवटी गेलेला फाटा, गाडी कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे, रंग, कार की ट्रक, माणसं किती, बाई-लेकरं आहेत का, आणि काय बिघडलंय असं वाटतं, एवढं बघून घ्या. हे सगळं थांबल्याशिवाय, नुसता वेग कमी केला तरी दिसतं. मग पुढच्या ढाब्यावर, पंपावर, टोलनाक्यावर सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा, बाकी कुठंही ११२. गाडीत दुसरा माणूस असेल तर फोन त्यानं करायचा, तुम्ही स्टेअरिंग सोडायचं नाही. आणि जाताना डिपर मारून जा. उभ्या माणसाला कळू द्या की आपण कुणाला तरी दिसलो.

थांबायची तयारी असेल तर आधी दुरून बघायला शिका. खरोखर बंद पडलेल्या गाडीभोवती पसारा असतो. स्टेपनी उतरवलेली, पाना रस्त्यावर पडलेला, गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली उटी लावलेला दगड, मागं तोडून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या, बॅगा खाली काढून ठेवलेल्या. माणसांचं लक्ष गाडीत असतं. कुणी वाकलेलं, कुणी मोबाइलचा उजेड धरलेला, कुणी ड्रायव्हरवर चिडलेलं. याउलट गाडी स्वच्छ, बॉनेट बंद, चार जण हात रिकामे ठेवून फक्त येणाऱ्या गाड्यांकडं बघताहेत, तर माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. ही काही कायम चालणारी खूण नाही, घाबरलेला माणूसही रस्त्याकडंच बघत बसतो. पण दोन सेकंदांत जे दिसतं त्यावरच ठरवायचं असतं, आणि शंका आली तर निरोपाचा मार्ग आहेच.

अजून एक. गाडीच्या खाली अचानक लोखंड आदळल्यासारखा आवाज आला आणि गाडी नीट चालत असेल, तर तिथंच उतरून बघू नका. रस्त्यात जॅक किंवा लोखंडी वस्तू टाकून गाडी थांबवायला लावतात, हे आमच्या वाटेवरचे ड्रायव्हर एकमेकांना कायम सांगत असतात. वेग कमी करा, ऑइलच्या आणि टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा आणि उजेडाच्या जागेपर्यंत जा.

थांबलात तर त्या गाडीच्या वीस-पंचवीस पावलं पुढं जाऊन, पूर्ण डावीकडं घेऊन थांबा. इंजिन चालू, दारं लॉक, चारी इंडिकेटर चालू, काच चार बोटं खाली. त्यांच्यातल्या एकालाच पुढं येऊ द्या. पावसाळ्यात साइडपट्टी बघून मगच चाक खाली घाला. आपली काळी माती वरून सुकलेली दिसते आणि आत लोणी असते. एकदा मदतीला म्हणून मी डावी चाकं खाली घातली आणि दोन्ही गाड्या काढायला पहाटे ट्रॅक्टर आणावा लागला.

मग बोला. मी पहिलं विचारतो, "गाव कोणतं, पाव्हणं?" खरा माणूस गाव सांगून थांबत नाही. कुणाकडं निघालोय, लग्न आहे का दवाखाना आहे, गाडी कुणाची, कधीपासून उभे आहोत, सगळं एका दमात सांगतो. दोन प्रश्नांत ओळखीचं एखादं गाव, एखादा सोयरा निघतोच. उत्तर तुटक येत असेल, किंवा आधी दार उघडायचीच घाई चालली असेल, तर "ढाब्यावर सांगतो" म्हणून निघा. आणि माणसं मोजत राहा. एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या अलीकडं तिघं होते. एक जण माझ्या काचेशी अगदी गोड बोलत होता, दुसरा पुढं उभा होता, आणि तिसरा मला आरशात दिसेना. डावीकडच्या आरशात बघितलं तर तो वाकून क्लीनरच्या दारापाशी आला होता. मी पहिला गिअर टाकला. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. पण मोजलेल्यातला एक जण दिसेनासा झाला की निघायचं, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

एवढं सगळं लुटारूंबद्दल लिहिलं, पण एकोणीस वर्षांत मला जास्त भीती मागून येणाऱ्या गाडीची वाटत आलीय. ऊसतोडीच्या दिवसांत तर फार. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रेडियम, ट्रॉलीचं चाक निघालंय आणि माणसं रस्त्यावर उभी राहून जॅक लावताहेत. मागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत फक्त अंधार दिसतो. म्हणून उतरल्यावर पाना हातात घ्यायच्या आधी मागं जा. त्रिकोण असेल तर त्रिकोण, नसेल तर फांद्या, किमान पन्नास-साठ पावलांवर, वळण किंवा चढ असेल तर त्याच्याही अलीकडं. बॅटरी घेऊन एक जण तिथंच, पण रस्त्याच्या बाहेर उभा करा. बाकीच्यांना, विशेषतः लेकरांना आणि म्हाताऱ्यांना, गाडीतून उतरवून कठड्यापलीकडं किंवा शेताच्या बांधावर बसवा. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कुणीही उभं राहायचं नाही. मागच्या गाडीला धक्का बसला तर त्या माणसाला वाचायला जागाच नसते.

समृद्धीवर मात्र थांबायचा विचारच करू नका. जालना, संभाजीनगरच्या पट्ट्यात तिथं कार १२० नं येतात. जागा लक्षात ठेवा आणि फोन करा.

मदत किती करायची हेही आधी ठरवलेलं बरं. स्टेपनी बदलू लागणं, जंपर वायर देणं, दोन लिटर पाणी देणं, फोन लावून देणं एवढं मी करतो. मे महिन्यात तर आधी पाणी, मग गाडी काय झाली ते. गरम रेडिएटरचं झाकण कुणी उघडायला लागला तर त्याचा हात धरा, वाफेनं चेहरा भाजतो. टोचन लावून ओढत नेणं रात्री आणि घाटात करत नाही. इंजिन बंद असलं की मागच्या गाडीचा ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात, आणि उतारावर ती थेट तुमच्यावर येते. कुणाला बसवून न्यायचं असेल तर एकालाच, जवळच्या ढाब्यापर्यंत. त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो त्याच्यासमोर काढून घरी पाठवायचा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

बाईमाणूस एकटी अडकली असेल तर तिला आपली भीती वाटणं साहजिक आहे, ते मनावर घेऊ नका. हेडलाइट तिच्या तोंडावर मारू नका, लांब उभे राहा, "ताई, घरी फोन लागला का? ११२ ला लावला का?" एवढं विचारा. माझ्या गाडीत बसा म्हणून आग्रह करू नका. मी माझ्या बायकोला फोन लावतो, स्पीकरवर टाकतो आणि फोन बॉनेटवर ठेवून मागं सरतो. मागच्या नवरात्रात तुळजापूरहून परतणाऱ्या दोघी बहिणींची स्कूटी येडशीच्या पुढं बंद पडली होती. माझी बायको त्यांच्याशी त्यांचा भाऊ येईपर्यंत बोलत होती. मी तेवढा वेळ रस्त्याच्या दुसऱ्या कडेला चारी इंडिकेटर लावून उभा होतो.

अपघात असेल तर वरचे बरेच नियम मागं पडतात. माणूस रक्तात पडलेला दिसला तर थांबा. सोबत कुणी नसेल तर गाडी उजेड पडेल अशी लावा, १०८ आणि ११२ लावा, येणारी दुसरी गाडी थांबवा. रक्त वाहतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, उचलून उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आग लागायची किंवा मागून धडक बसायची भीती नसेल तर त्याला ओढू नका, मान वळू देऊ नका. पोलिसांच्या फेऱ्याच्या भीतीनं लोक पुढं येत नाहीत, आमच्या गावात आजही हेच बोलतात. पण सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आले. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या जखमीचं काही झालं म्हणून गुन्हा किंवा दावा लागत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखाना तुम्हाला अडवू शकत नाही किंवा तुमच्याकडं पैसे मागू शकत नाही. साक्ष द्यायची की नाही ही तुमची मर्जी. गंभीर जखमीला पहिल्या तासाच्या आत दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी केंद्राची राहवीर योजना आहे, तिची रक्कम २०२५ मध्ये पाच हजारांवरून पंचवीस हजार झाली. केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात असाल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालय लक्षात ठेवा.

माझ्या सीटमागं लोखंडी पेटी आहे. त्यात टॉमी, जंपर वायर, दोन बॅटऱ्या, रेडियमची पट्टी, सुती धोतराचे धुतलेले तुकडे, वायसर (वॉशर) आणि दोन फॅन बेल्ट. त्यातला एक माझ्या गाडीला लागतच नाही, तो दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला.

आणि काम झाल्यावर दगड उचला. गाडी सुरू झाली की सगळ्यांना निघायची घाई होते, चाकामागचे आणि रस्त्यावर मांडलेले दगड तिथंच राहतात. माझ्या मावसभावाचा पोरगा पहाटे दूध घालायला निघाला होता, धारूर-केज रस्त्यावर अशाच दगडावर त्याची मोटारसायकल गेली. हनुवटीला टाके, खांदा निखळलेला, दोन महिने घरी. तो दगड कुणाच्या तरी चाकाखाली उटी लावलेला होता, त्याच्या एका अंगाला टायरचा काळा ठसा होता. रस्त्यावर असा दगड दिसला आणि मागंपुढं गाडी नसली की मी अजूनही थांबतो, तो उचलून नालीपलीकडं टाकतो आणि मग पुढं जातो.