कोल्हापूरकरांनी सिसिलीला कधी जावे

इटलीच्या दक्षिणेला असलेल्या सिसिली बेटावर जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न विमानाच्या तिकिटाचा निघतो. माझ्या मते तो पावसाचा असायला हवा. जूनमध्ये पाऊस लागतो, ऑगस्टमध्ये पन्हाळा हिरवागार असतो आणि दिवाळीला आकाश मोकळे होते, हे गणित आपल्या अंगवळणी पडले आहे. सिसिलीत ते जवळजवळ उलटे चालते. तिथला बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो आणि जून ते ऑगस्ट हे महिने कोरडे जातात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तिथला गहू म्हणजे पावसावर येणारी रब्बी आहे: पेरणी पावसाळी हिवाळ्याच्या तोंडावर आणि काढणी जूनच्या सुमारास. त्यामुळे मार्चमध्ये हिरवे दिसणारे डोंगर जुलैत वाळल्या गवताच्या गंजीसारखे पिवळे पडतात.

याचे कारण हवेच्या दाबात आहे. उन्हाळ्यात उपोष्ण प्रदेशातील जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून भूमध्य समुद्रावर येतो; त्यातील हवा वरून खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग धरू देत नाही. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेकडे परततो आणि पश्चिमी वाऱ्यांबरोबर कमी दाबाची क्षेत्रे भूमध्य समुद्रात शिरून पाऊस आणतात. प्रवाशाला मात्र यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त उपयोगी पडते: समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. मे आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांत दुपारचे तापमान साधारण सारखेच, म्हणजे बाविसपासून पंचविसाच्या आसपास असते. पण मेमध्ये समुद्राचे पाणी सुमारे १८ ते १९ अंश असते, तर ऑक्टोबरमध्ये सुमारे २२. ज्यांना पोहायचे आहे आणि ज्यांना देवळे, डोंगर, जुनी शहरे पाहायची आहेत, त्यांचे महिने इथेच वेगळे होतात.

शाळेच्या सुट्टीशी बांधलेल्या कुटुंबाने मे महिना धरावा, असे मी निःसंकोच सुचवेन. दिवस चौदा तासांचा असतो, पाऊस ओसरलेला असतो, रानफुले अजून टिकून असतात आणि सिराक्यूझच्या प्राचीन ग्रीक रंगमंडलात अभिजात नाटकांचे प्रयोग सुरू होतात. आग्रिजेंतो येथील इ. स. पू. पाचव्या शतकातील मंदिरांच्या परिसरात सावली फारच कमी आहे. तो मेमध्ये सकाळी सुखाने पायी पाहता येतो, ऑगस्टमध्ये नाही. फक्त २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या इटलीतील सार्वजनिक सुट्ट्यांभोवती गर्दी होते, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यानंतर निघून महिना संपण्यापूर्वी परतणे बरे. पाणी गार आहे अशी मुलांची तक्रार तेवढी ऐकून घ्यावी लागेल.

ज्यांच्यामागे शाळा नाही त्यांच्यासाठी याहूनही चांगला काळ आहे, आणि तो आपल्या पंचांगात आयताच सापडतो: अनंत चतुर्दशीनंतरचा पितृपक्ष. घरचा गणपती चुकत नाही, अंबाबाईच्या नवरात्रापर्यंत परत येता येते आणि तो पंधरवडा बहुतेक वर्षी सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो. त्या वेळी उन्हाचा कडाका उतरलेला असतो, समुद्र उबदार असतो आणि युरोपातील सुट्टीची गर्दी पांगलेली असते. घरात श्राद्धाची तिथी असेल तर अर्थात आधी ती पाहावी.

दिवाळीच्या सुट्टीबाबत मात्र सावध राहावे. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थंड हवा आली की थोड्या वेळात फार मोठा पाऊस कोसळू शकतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कातानिया शहरातील रस्त्यांना अशाच पावसाने नद्यांचे रूप आले होते. पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवाळीतच जायचे असेल तर पालेर्मोसारख्या शहरात मुक्काम ठेवावा, आणि एओलियन बेटांवर जायचे असल्यास बोटी रद्द होतील असे धरून दोन दिवस हाताशी ठेवावेत.

जुलै-ऑगस्ट टाळावेत. ‘एप्रिलमधले कोल्हापूर सोसणाऱ्याला तीस-बत्तीस अंशांचे काय’ असे वाटते खरे. पण किनाऱ्यावरची दमट हवा, साडेआठपर्यंत न मावळणारा सूर्य आणि न निवणाऱ्या रात्री यांचा थकवा निराळाच असतो. सहारातून येणारा सिरोक्को वारा सुटला की पारा एकदम चढतो. सिराक्यूझजवळील फ्लोरिदिया येथे ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश तापमान नोंदले गेले, आणि ते युरोप खंडातील उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेने मान्य केले आहे. शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर असते, त्यामुळे खोल्या महाग आणि शहरातील दुकाने बंद, असा दुहेरी अनुभव येतो.

हिवाळा स्वस्त असतो, पण दिवस साडेनऊ तासांवर येतो. फेब्रुवारीत आग्रिजेंतोला बदाम फुलतो आणि कातानियाच्या बाजारात लाल गराची संत्री येतात. केवळ एवढ्यासाठी जाणाऱ्यांची मला चेष्टा करवत नाही.

महिना कोणताही असो, एटना ज्वालामुखीसाठी कपडे वेगळे बांधावेत. हा पर्वत ३,३०० मीटरहून उंच आहे आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे कातानियात २८ अंश असताना, रोप-वे जिथे सोडतो त्या २,५०० मीटरवर १२ अंशांच्या आसपास, वर वारा वेगळा. महाबळेश्वरला नेतो तो स्वेटर इथे पुरत नाही. वारा अडवणारे जाकीट आणि बंद बूट लागतात.

महिना ठरला की उलटे मोजावे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटलीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यासाठी भारतातून मोठी गर्दी होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घेतलेली चांगली. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, त्यासाठी व्हिसा केंद्र असलेल्या शहराची एक फेरी आणि तिथला मुक्काम खर्चात धरावा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुंबईहून सिसिलीला जाताना वाटेत विमान बदलावे लागते, आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरे चुकू नये म्हणून दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढावेत.